संगणकीय शिकवणी-प्रणालींची निर्मिती आणि वऱ्हाडातील अध्यापक

प्रस्तावना : विद्यार्थ्याच्या प्रत्येक पायरीवर चूक दाखवून सूचना देणारी संगणकीय शिकवणी-प्रणाली उपयुक्त असली तरी तिची निर्मिती दीर्घकाळ खर्चिक राहिली. एका तासाच्या अध्यापनासाठी २०० ते ३०० तासांचे निर्मितिकार्य लागते, असा अंदाज या क्षेत्रातील अभ्यासकांनी वर्तविला होता. शिवाय आज्ञावली लिहिणे हे तज्ज्ञाचे काम असल्याने विषयाचा अध्यापक या प्रक्रियेबाहेरच राहिला.

उदाहरणाधिष्ठित निर्मिती : अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात विकसित झालेल्या ‘सीटॅट’ या साधनसंचाने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. अध्यापक पडद्यावर रकाने मांडतो आणि उदाहरण स्वतः सोडवून दाखवितो. संगणक त्या पायऱ्यांचा आलेख नोंदवून ठेवतो. संभाव्य चुकाही अध्यापकच करून दाखवितो व प्रत्येकीस योग्य सूचना जोडतो. व्हिन्सेंट अ‍ॅलेव्हन व सहकाऱ्यांनी २००९ मधील शोधनिबंधात ही पद्धती खर्चाच्या दृष्टीने चार ते आठ पट किफायतशीर ठरू शकते, असे प्रतिपादन केले.

वऱ्हाडाच्या संदर्भातील उदाहरण : समजा, अकोल्याच्या बाजारात कापसाचा भाव क्विंटलला ७,००० रुपये आहे. तो प्रथम १० टक्के वाढला व नंतर १० टक्के उतरला. अनेक विद्यार्थी ‘भाव पूर्ववत झाला’ असे उत्तर देतात. वास्तविक ७,७०० रुपयांचे १० टक्के म्हणजे ७७० रुपये वजा होऊन भाव ६,९३० रुपये होतो. ७०० रुपयेच वजा करणाऱ्या विद्यार्थ्यास नुसते ‘चूक’ म्हणण्याऐवजी ‘दुसऱ्या वेळी टक्केवारी कोणत्या रकमेवर काढावयाची?’ असा प्रश्न मराठीतून विचारता येतो. ही चूक कोठे होते, हे आज्ञावलीकारापेक्षा अमरावती-अकोल्याच्या वर्गात शिकविणारा अध्यापक अधिक जाणतो.

मर्यादा : प्रणालीला मूलतः दाखविलेल्याच वाटा ठाऊक असतात. अनपेक्षित पण अचूक रीत ती चुकीची ठरवू शकते. त्यामुळे प्रत्यक्ष विद्यार्थ्यांकडून चाचणी घेऊन आलेखात भर घालणे अनिवार्य ठरते. निबंधलेखनासारख्या मुक्त उत्तरांच्या विषयांस ही पद्धती फारशी उपयोगी नाही.

निष्कर्ष : साधन सुलभ झाल्याने अध्यापकाचे काम संपत नाही, त्याचे स्वरूप बदलते. विद्यार्थ्यांच्या चुकांची पद्धतशीर नोंद हेच अशा प्रणालीचे खरे भांडवल होय. ती नोंद वऱ्हाडातील महाविद्यालयांनी विषयनिहाय ठेवल्यास मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या भाषेत समजावणारी शिकवणी स्थानिक अध्यापकांच्याच हातून घडू शकेल.