घरच्या स्टुडिओसाठी सॉफ्टवेअर कोणतं? ‘पेनड्राइव्ह आण, टाकून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाण्याआधी हे वाचा

पाचोरा : अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर चांगले दिवस आले आहेत. ‘हाई झुमका वाली पोर’ खान्देशाबाहेरही वाजलं, आणि गावोगावच्या पोरांना वाटू लागलं की आपणही घरातल्या एका खोलीत गाणं करू शकतो. ते खरंही आहे. जुना लॅपटॉप, एक माईक, एक हेडफोन एवढ्यावर सुरुवात होते. मग पहिला प्रश्न ठरलेला असतो : सॉफ्टवेअर कोणतं टाकू? आणि उत्तरही ठरलेलं असतं : पेनड्राइव्ह आण, सगळं टाकून देतो.

त्या ‘सगळं’मध्ये हजारो रुपयांची सॉफ्टवेअरं क्रॅक करून भरलेली असतात. ती टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे चोर येणार आहे, कुत्रं बांधून ठेवा. त्याच लॅपटॉपवर आपण बँक उघडतो, विम्याचे फॉर्म भरतो, यूट्यूब चॅनलचा पासवर्डही तिथेच असतो. कायद्याचं बघितलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३बी आहे. चोरीची प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. कमाईसाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. पण चॅनलवर गाणं टाकून पैसे मिळवायचे म्हटल्यावर ‘कमाईसाठी नव्हतं’ असं सांगायला तोंड राहत नाही.

यात वाईट वाटतं ते याचं, की चोरीची गरजच नाही. फुकट किंवा परवडेल अशी चांगली सॉफ्टवेअरं मिळतात. फक्त आपल्याला काय रेकॉर्ड करायचं आहे, ते आधी ठरवावं लागतं.

आधी मल्टीट्रॅक म्हणजे काय ते पाहू. वावरात कपाशीच्या रांगा असतात, एका रांगेतलं तण काढताना दुसरीला हात लागत नाही. तसं गायकाचा आवाज एका रांगेत, ढोलकी दुसरीत, हार्मोनियम तिसरीत. गायकाचा एक शब्द चुकला तर तेवढाच पुन्हा गाऊन घ्यायचा, ढोलकी तशीच राहते. मोबाईलवर सगळं एकत्र रेकॉर्ड केलं की हे जमत नाही. मग हार्मोनियम मोठी झाली तर झाली. आणि ट्रॅक कमी पडतील ही भीती तर सोडूनच द्या. बीटल्स या इंग्लंडच्या मंडळींचा १९६७ चा ‘सार्जंट पेपर्स’ हा गाजलेला आल्बम चार ट्रॅकच्या मशीनवर झाला होता. आज फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही त्याहून कितीतरी जास्त ट्रॅक मिळतात.

आता तुमचं काम कोणतं? लग्नातल्या डीजेला चालेल असा बीट, कीबोर्डवरची पावरी, संबळीचे तयार ठोके, वरून गायकाचा आवाज, असं असेल तर बहुतेक पोरं एफएल स्टुडिओकडे जातात. बीट रचायला ते सोपं आहे, हे मान्य. एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट मिळतात. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. ट्रायलमध्ये काम सेव्ह होतं, पण बंद केल्यावर ते काम पुन्हा उघडत नाही. आणि सगळ्यात स्वस्त आवृत्तीत माईकवरून रेकॉर्डिंगची सोय नसते, त्यासाठी वरची प्रोड्युसर आवृत्ती लागते. पैसे भरण्याआधी हे तपासा.

माणसांचं गाणं-वाजवणं रेकॉर्ड करायचं असेल, म्हणजे भजनी मंडळ, भारूड, पोवाडा, तर माझं मत रीपरच्या बाजूने आहे. डाऊनलोड इतकं लहान की मोबाईलच्या हॉटस्पॉटवरही लवकर उतरतं. जुन्या लॅपटॉपवर चालतं. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, काही बंद केलेलं नसतं. पुढे घरगुती आणि छोट्या धंद्यासाठी लायसन्स ६० डॉलरचं आहे, आपले पाच-साडेपाच हजार धरा. तोंडवळा रुक्ष आहे आणि पहिले आठ दिवस डोकं फिरतं, हेही सांगून ठेवतो.

तेवढेही पैसे नसतील तर ऑडॅसिटी. पूर्ण फुकट, २००० सालापासून लोकांपुढे आहे. कापाकापी, खरखर कमी करणं, एकावर एक आवाज चढवणं सगळं होतं. कीबोर्डवरून वाद्यं वाजवून गाणं रचायचं असेल तर मात्र त्याचा उपयोग नाही. त्यासाठी ट्रॅक्शन कंपनीचं वेव्हफॉर्म फ्री बघा, त्यात ट्रॅकची मर्यादाही नाही. प्रो टूल्सचं नाव ऐकून फुकटचं इंट्रो घ्याल, तर त्यात आवाजाचे ट्रॅक ८ च मिळतात. दोन गायक आणि चार वाद्यं असतील तर तेही पुरे, नाहीतर अडकाल.

लॅपटॉपच नसेल तर मोबाईलवर बँडलॅब आहे. आयफोनवाल्यांना गॅरेजबँड फुकट मिळतं. फक्त ट्रॅकवर ट्रॅक चढवताना ब्लूटूथ हेडफोन लावू नका. त्यात आवाज उशिरा कानात येतो आणि गायक ठेक्याच्या मागे पडतो. शंभर रुपयांचा वायरचा हेडफोन या कामाला बरा. लॅपटॉपवरही हीच अडचण दुसऱ्या रूपात येते. तिथे ‘बफर’ नावाची सेटिंग असते. रेकॉर्ड करताना ती १२८ वर ठेवा, नंतर मिक्सिंगला १०२४ करा. ४८ हजारच्या रेटवर १२८ म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंदांचा उशीर, १०२४ म्हणजे २१. एवढ्यानेही गाणाऱ्याला कळतं.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. पाच जणांचं भजनी मंडळ बसवलं, सॉफ्टवेअर शंभर ट्रॅकचं, आणि ट्रॅक मात्र दोनच आले. दोष सॉफ्टवेअरचा नसतो. माईक जोडायच्या डबीला, म्हणजे ऑडिओ इंटरफेसला, दोनच तोंडं असतात. जितकी तोंडं तितकेच ट्रॅक एका वेळी. मग एक तर जास्त तोंडांची डबी घ्या, नाहीतर आधी टाळ-मृदंग आणि नंतर आवाज, असं पाळीने करा. खोली गुंजत असेल तर भिंतीला गोधड्या टांगा, फार फरक पडतो. काही जण कापसाचे गठ्ठे लावतात. ते करू नका, खोलीत विजेच्या वायरी असतात आणि कापसाला ठिणगी पुरते. रेल्वे लाईनजवळ घर असेल तर मालगाडीची घरघर माईक हमखास पकडतो, कोणतंही सॉफ्टवेअर ती पूर्ण काढत नाही. गाडी जाऊ द्या, मग सुरू करा.

आता कानबाईच्या आणि आखाजीच्या गाण्यांबद्दल. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांना ही गाणी पाठ आहेत, आणि त्यातली बरीच कुठे लिहिलेलीही नाहीत. एखादी आजी गेली की तिची गाणी तिच्यासोबत जातात. कोणी रेकॉर्ड करायला बसलंच तर त्यांच्या कानाला हेडफोन लावून टिकटिक ऐकवू नका. त्या एकमेकींच्या तोंडाकडे बघून गातात, लय मध्येच सैल होते, मध्येच घट्ट होते. त्यांना अंगणात नेहमीसारखं बसवा, दोन माईक लावा, एकदम गाऊ द्या. वाद्यं नंतर त्यांच्या लयीवर बसवा, त्यांना वाद्यावर बसवू नका. आणि मूळ रेकॉर्डिंग, काही न कापता, वेगळं ठेवा.

हे कसं ठेवायचं, यावर सॉफ्टवेअर निवडतानाच विचार हवा. केकवॉक नावाचं जुनं सॉफ्टवेअर होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सन कंपनीने त्याचं काम थांबवलं. २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेऊन फुकट केलं, लोक खूश झाले. २०२३ मध्ये त्याच कंपनीने जाहीर केलं की याच्या जागी नवीन सोनार येणार. ज्यांनी वर्षानुवर्षं सगळं काम त्याच्याच फाइलमध्ये ठेवलं होतं, त्यांचा जीव दोनदा टांगणीला लागला. क्रॅकवाल्यांचं तर विंडोज बदललं की संपलंच.

म्हणून सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, पण पहिल्या आठवड्यात एक गाणं करून बघा आणि प्रत्येक ट्रॅक वेगळा ‘वेव्ह’ फाइलमध्ये बाहेर काढता येतो का ते तपासा. सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू झालेले हवेत, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकले तरी जागच्या जागी बसतात. जळगाव-धुळ्याच्या मोठ्या स्टुडिओत मिक्सिंगला द्यायचं असलं तरी हेच लागतं. फाइलच्या नावात गाणारीचं नाव, गाव, तारीख लिहा. एमपीथ्री फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला. चांगल्या दर्जाचा एक ट्रॅक मिनिटाला साधारण ८ एमबी घेतो. पाच मिनिटांचं, १० ट्रॅकचं गाणं ४०० एमबी. ५०० जीबीच्या हार्डडिस्कमध्ये अशी हजारावर गाणी मावतात. दोन हार्डडिस्क घ्या, एक घरात ठेवा आणि दुसरी दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे.