विरळ हवेचे वेळापत्रक

वणीच्या देवीच्या दर्शनाला नांदुरीवरून सप्तशृंगगडावर जाणारा माणूस मंदिराच्या सुमारे पाचशे पायऱ्या चढेपर्यंत घामाघूम होतो, पण उंचीमुळे त्याचे डोके दुखत नाही की रात्री झोप मोडत नाही. गडावरचे मंदिर समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या पुढेमागे आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे ८७ टक्के असतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच ठिकाण म्हणजे कळसूबाईचे शिखर, उंची १,६४६ मीटर. तिथेही दाब ८२ टक्क्यांच्या आसपास राहतो. लडाखमधले लेह शहर मात्र ३,५०० मीटरवर वसले आहे आणि तिथला दाब समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश भरतो. उंचीमुळे होणारे आजार साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे दिसू लागतात. म्हणजे सह्याद्रीत आयुष्यभर गड चढलेल्या माणसाच्या शरीरालाही त्या हवेची ओळख झालेली नसते.

उंचावर हवेतला ऑक्सिजन कमी होतो असे सर्रास म्हटले जाते. खरे तर हवेतले त्याचे प्रमाण वणीच्या बाजारात जेवढे, तेवढेच लडाखमध्येही असते: सुमारे २१ टक्के. घटतो तो दाब. कडब्याच्या गंजीत तळाच्या पेंढ्या वरच्या भाराने दाबल्या जातात आणि माथ्यावरच्या सैल राहतात, तसेच हवेचे आहे. तळाशी ती दाट असते, वर विरळ होत जाते. छाती तेवढीच फुगली तरी तिच्यात शिरणारे ऑक्सिजनचे रेणू कमी असतात, आणि फुप्फुसातून रक्तात ढकलणारा त्यांचा दाबही कमी पडतो. खारदुंग ला या खिंडीत मिरवण्याच्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेले असले, तरी आधुनिक मोजणीनुसार तिची उंची ५,३५९ मीटर आहे. तेवढ्या उंचीवरही दाब समुद्रकाठच्या निम्म्याच्या थोडासाच वर असतो.

शरीर या टंचाईला कसे तोंड देते हे समजले, की प्रवासाची आखणी कशी करायची हे वेगळे सांगावे लागत नाही. मानेतल्या मोठ्या धमन्या जिथे दुभंगतात, तिथे काही मिलिमीटरचे संवेदी पुंजके असतात. रक्तातला ऑक्सिजन घटल्याचे त्यांना काही क्षणांत कळते आणि श्वास खोल व जलद होतो. मात्र जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी होते. तेव्हा मेंदूतले श्वसनकेंद्र उलट हुकूम देते: श्वास आवरा. एकीकडून ताण, दुसरीकडून लगाम अशी ही ओढाताण पहिल्या रात्री उघड दिसते. झोपलेल्या माणसाचा श्वास हळूहळू खोल होत जातो, मग एकदम थांबतो. काही सेकंद छाती हलतच नाही, आणि मग तो दचकून मोठा श्वास घेतो. शेजारी जागा असलेला माणूस हे पाहून घाबरतो. लेहच्या उंचीवर पहिल्या काही रात्री हा प्रकार बहुतेकांच्या बाबतीत होतो आणि एरवी ठीक असलेल्या माणसात तो धोक्याचा नसतो.

ही ओढाताण मिटवतात ती मूत्रपिंडे. रक्तातला जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकून ती रक्ताची आम्लता मूळ पातळीकडे आणतात, लगाम सैल होतो आणि श्वास मोकळेपणी वाढतो. उंचीवर पहिल्या दोन दिवसांत लघवीला वारंवार जावे लागणे हे म्हणूनच चांगले लक्षण मानतात. या कामाला एक-दोन तास पुरत नाहीत, काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे जातात. व्यायामाने यातले काहीही घाईने उरकत नाही. पहाटे उठून दहा किलोमीटर धावणारा तरुण आणि कधीही न धावणारी त्याची आत्या, दोघांच्या मूत्रपिंडांना जवळजवळ तेवढाच वेळ हवा असतो. उलट तरुणाला धोका थोडा अधिकच, कारण त्याचे पाय त्याला शरीराच्या तयारीपेक्षा लवकर वर नेतात.

हा वेळ दिला नाही तर काय होते, याचा मोठा अभ्यास भारतीय लष्करी डॉक्टरांनी केला आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास मैदानी मुलखातले हजारो जवान अचानक हिमालयाच्या उंचीवर पाठवावे लागले. त्यातल्या १,९२५ आजारी जवानांची निरीक्षणे इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. या विषयावरच्या जागतिक वैद्यकीय साहित्यात त्या निबंधाचा आजही आधार घेतला जातो. सौम्य आजारात डोके ठणकते, मळमळते, भूक मरते, अंग गळून जाते. तिथेच थांबून विश्रांती घेतली तर एक-दोन दिवसांत ते ओसरते. तसेच वर चढत राहिले तर आजार दोन जीवघेणी वळणे घेऊ शकतो. एकात फुप्फुसात पाणी साठते: बसल्याजागी धाप लागते, खोकला येतो, नखे-ओठ निळसर होतात, पुढे फेसाळ गुलाबी थुंकी पडते. दुसऱ्यात मेंदूला सूज येते: माणूस असंबद्ध बोलतो, त्याचा तोल जातो.

या अनुभवातून लष्कराने जे वेळापत्रक ठरवले, ते प्रत्येक प्रवाशाने पाहण्यासारखे आहे. २,७०० ते ३,६०० मीटरच्या टप्प्यात सहा दिवस, ३,६०० ते ४,५०० मीटरवर आणखी चार आणि त्याहून वर जाण्याआधी पुन्हा चार दिवस. धडधाकट, तरुण, कसून तपासलेल्या जवानांसाठी ही तरतूद आहे. याच्या शेजारी उन्हाळी सुट्टीतली सहलीची पत्रके ठेवून पाहावीत. पहिल्या दिवशी विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला, चौथ्या दिवशी पँगाँग सरोवर, सहाव्या दिवशी परत. असे पत्रक हातात पडले तर ते नाकारावे, मग ते कितीही स्वस्त असो.

पर्यटकाला लष्कराइतके दिवस काढता येत नाहीत हे खरे. त्यासाठी गिर्यारोहणवैद्यकाने एक सोपा नियम दिला आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याच्या जागेची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच मुक्काम करावा. मोजायची ती झोपण्याची उंची. दिवसा खिंड ओलांडून खाली उतरणे शरीराला झेपते, रात्र उंचावर काढणे जड जाते.

नाशिक जिल्ह्यातून लडाखला जाताना हा नियम मार्ग निवडण्यापासूनच लागू होतो. मुंबईहून दिल्ली आणि दिल्लीहून लेह असे विमानाने गेले की समुद्रसपाटीवरून ३,५०० मीटरवर पोहोचायला एक दिवसही लागत नाही. मग लेहमध्ये पहिले दोन दिवस खरोखर काहीही न करता काढायचे असतात, बाजारातून फेरफटकासुद्धा बेतानेच. रस्त्याने जायचे तर मनमाडहून झेलम एक्सप्रेसने जम्मू, तिथून १,५८५ मीटरवरचे श्रीनगर, मग झोजी ला ओलांडून २,६७६ मीटरवरचे कारगिल आणि शेवटी लेह, असा चढता क्रम मिळतो. कारगिल ते लेह ही वाढही आठशे मीटरची आहे, म्हणून कारगिलला दोन रात्री काढलेल्या बऱ्या.

मोटारसायकलवाल्यांचा लाडका मनाली-लेह रस्ता जाताना निवडणे मात्र चुकीचे ठरते. मनाली २,०५० मीटरवर, जिस्पा ३,२०० वर, आणि पुढचा नेहमीचा मुक्काम सरचू थेट ४,२९० वर. एका दिवसात झोपण्याची उंची हजार मीटरहून जास्त वाढते. त्याहून वाईट म्हणजे सरचूला रात्री कोणी आजारी पडले तर खाली उतरण्यासाठी आधी वर चढावे लागते. मनालीकडे जाताना ४,८९० मीटरची बारालाचा ला आडवी येते, लेहकडे तर याहून उंच खिंडी लागतात. हाच रस्ता परतीला, शरीर सरावल्यावर, निर्धोकपणे करता येतो. लेहहून पुढे जातानाही आधी नुब्रा खोरे गाठावे. खारदुंग ला फक्त ओलांडायची, थांबायचे ते ३,१०० मीटरच्या आसपास. पँगाँग (सुमारे ४,२५० मीटर) आणि वेधशाळेचे हानले (सुमारे ४,५०० मीटर) शेवटी ठेवावे.

हा सगळा हिशेब लडाखपुरता नाही. केदारनाथ जवळजवळ लेहच्याच उंचीवर आहे आणि हेलिकॉप्टरने तिथे उतरणाऱ्या वयस्क यात्रेकरूची स्थिती विमानाने लेहला उतरणाऱ्यासारखीच असते. अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर आहे, म्हणूनच त्या यात्रेला वैद्यकीय प्रमाणपत्र सक्तीचे आहे. कैलास-मानसरोवरच्या लिपूलेख मार्गावर तर दिल्लीतल्या तपासण्यांनंतर वाटेत गुंजीला पुन्हा आरोग्य तपासणी होते आणि तिथून लोकांना परत पाठवले जाते.

मग सप्तशृंगगडाचा या तयारीत काही उपयोग आहे का? आहे, पण वेगळ्या कामासाठी. गडावर शरीर विरळ हवेला सरावत नाही, मात्र हृदय आणि पाय कितपत साथ देतात हे तिथे कळते. मंदिराकडे नेणारी ट्रॉली टाळून पायऱ्या संथ, न थांबता चढताना छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा धाप बराच वेळ बसली नाही, तर बुकिंगच्या आधी डॉक्टर गाठायला हवा. दोन-तीन महिने आठवड्यातून काही दिवस अशी चढाई केली तर लडाखमध्ये तेच अंतर कमी श्रमात कापता येते.

वैद्यकीय तपासणीत उत्तर महाराष्ट्रातल्या प्रवाशांनी एक गोष्ट विसरू नये, ती म्हणजे सिकलसेल. नंदुरबार आणि नाशिकच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांसह राज्याच्या आदिवासी पट्ट्यात हा आनुवंशिक दोष आढळतो. आजार असलेल्यांनी उंचीवर जाऊच नये. पण ज्यांच्यात एकच दोषी जनुक आहे, ज्यांना घरी कधीच त्रास झालेला नाही, अशा वाहकांच्याही तांबड्या पेशी ऑक्सिजन घटल्यावर विळ्याच्या आकाराच्या होऊ शकतात आणि प्लीहेचा रक्तपुरवठा अडू शकतो. उंचावर अचानक डाव्या बरगडीखाली तीव्र दुखू लागले तर हे कारण डॉक्टरांच्या मनात आले पाहिजे, आणि त्यासाठी प्रवाशाला आपला अहवाल माहीत हवा. रक्ताची तपासणी साधी आहे. हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी सल्ला घेतल्याशिवाय बेत ठरवू नये.

अॅसेटाझोलामाइड, म्हणजे दुकानात मिळणारी डायमॉक्स, याबद्दल गैरसमज खूप आहेत. ती आजार झाकणारी गोळी नाही. मूत्रपिंडांचे वर सांगितलेले काम ती लवकर सुरू करून देते. प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालेलच असे नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिल्या दिवसांत पूर्ण वर्ज्य, कारण दोन्ही श्वास मंदावतात. बाजारातले ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात. त्यांच्या भरवशावर कोणी वर चढू नये.

सामानाचे म्हणाल तर उबदार थरांचे कपडे, अतिनील किरण अडवणारा गडद चष्मा आणि सनस्क्रीन हे प्राथमिक. उंचीच्या दर हजार मीटरमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते आणि अतिनील किरण दहा टक्क्यांहून अधिक वाढतात. लेहमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळते. त्या तापमानाला जंतू मरतात, पण उघड्या पातेल्यात डाळ काही शिजत नाही. स्वतः रांधणाऱ्या गटाने प्रेशर कुकर नेलाच पाहिजे. भूक मंदावलेली असताना राजगिऱ्याचे लाडू, खजूर, मनुके असे पिष्टमय आणि गोड खाणे बरे जाते. मनालीच्या बाजूने तांदीच्या पेट्रोलपंपावरची पाटी पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगते, तेव्हा इंधन सोबत हवेच. इतर राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत. पोस्टपेड क्रमांकही अनेक खोऱ्यांत मुका राहतो, म्हणून मुक्कामांची यादी घरी ठेवून निघावे.

तिथे पोहोचल्यावर गटातल्या एकाने सकाळ-संध्याकाळ सर्वांची विचारपूस करायची जबाबदारी घ्यावी. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर जरूर न्यावा, पण बोट गार असताना किंवा नखांना रंग असताना त्याचा आकडा फसवतो. आकड्यापेक्षा माणूस कसा दिसतो-वागतो ते महत्त्वाचे. शंका आली की जमिनीवर सरळ रेघ ओढून तिच्यावरून टाचेला पंजा लावत दहा पावले चालायला सांगावे. तोल गेला तर सकाळची वाट पाहायची नाही. ऑक्सिजन, औषधे, हवा भरून दाब वाढवणारी पिशवी, सगळे उपयोगी असले तरी खात्रीचा उपाय एकच: किमान ३०० ते १,००० मीटर खाली उतरणे, तेही सोबत माणूस देऊन, रात्र असली तरी. डोकेदुखी लपवून गटासोबत पुढे जाणाऱ्याला कोणी शाबासकी देऊ नये.

आणि हे सारे दरवेळी नव्याने करावे लागते. खाली उतरल्यावर उंचीचा सराव काही आठवड्यांत ओसरतो. गेल्या वर्षी खारदुंग ला पाहून आलेला माणूस यंदा पुन्हा निघाला, तर लेहमधले त्याचे पहिले दोन दिवस विश्रांतीचेच असले पाहिजेत.