थरथर, लटपट आणि हेलकावा

दुखणे एकच असले तरी ते सांगण्याचे शब्द अनेक असतात, आणि वैद्य शहाणा असेल तर तो आधी शब्दच पारखून घेतो. पोटात दुखते म्हणणाऱ्या रोग्याला तो विचारतो, कळ येते, मुरडा येतो, की जळजळते? उत्तर मिळाले की निम्मे निदान झालेच म्हणून समजावे.

मोटारसायकलचेही तसेच आहे. पुढचे चाक खड्ड्यात आदळते, रिम वाकते, आपण ती सरळ करून आणतो. आणि तरीही गाडी ‘हलते’ अशी तक्रार उरते. हा ‘हलते’ शब्द मोठा फसवा. त्याच्या भरवशावर दुरुस्तीला निघालेला माणूस एकेक भाग बदलत सुटतो आणि रोग जागच्या जागी राहतो.

आमच्या शेजाऱ्यांवर गेल्या पावसाळ्यात हीच पाळी आली. चाकाचा आऊट काढून झाला, तरी हँडल स्वस्थ बसेना. एका गॅरेजात सांगितले, नवी रिम घाला. दुसऱ्यात सांगितले, दोन्ही शॉकअप बदला. इकडे दिवाळीला पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी यांना घेऊन दिवेघाटाने सासवडला जायचे ठरलेले. अखेर ते मला सोबत घेऊन एका वृद्ध मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, “साहेब, आधी एवढं सांगा, गाडी थरथरते, लटपटते, हेलकावते, की ओढते?”

मराठी शिकवण्यात ज्याची निम्मी हयात गेली, असा मी तो प्रश्न ऐकून चकितच झालो! आम्ही वर्गात ज्यांना ध्वन्यनुकारी वगैरे म्हणतो, ते शब्द इथे हत्यारांसारखे कामाला लागले होते.

मिस्त्रींची फोड अशी. तळहाताला मुंग्या आल्यासारखे वाटते ती थरथर. ती बहुधा इंजिनाकडून येते. हँडल सेकंदाला अनेकदा डावी-उजवीकडे झटके घेते ती लटपट. हिचा उगम पुढच्या भागात. अख्खी गाडी संथपणे, झुलत्या होडीसारखी डोलते तो हेलकावा. तो भरवेगात जाणवतो, आणि तेव्हा मागचे चाक, त्याचा दांडा आणि मागे लादलेले सामान तपासावे. गाडी एकाच बाजूला जाऊ पाहते ती ओढ. तिथे वाकलेल्या फोर्कचा किंवा फ्रेमचा संशय घ्यावा. आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला खालून ठोका बसत असेल, तर रिमला पोचा किंवा टायरला फुगवटा आहे.

ही फोड नुसती अनुभवाची नव्हे. ब्रिटिश संशोधक रॉबिन शार्प यांनी १९७१ साली मोटारसायकलच्या स्थैर्याचे गणित मांडले, तेव्हा गाडी कलंडणे, हेलकावणे आणि लटपटणे अशा निरनिराळ्या गती त्यांना वेगळ्या दाखवाव्या लागल्या.

लटपट होते तरी कशी? बाजारातली ढकलगाडी आठवा. तिचे पुढचे छोटे चाक कधीकधी वेड्यासारखे फडफडते. मोटारसायकलच्या हँडलचा तिरपा कणा सरळ खाली वाढवला, तर तो जमिनीला जिथे टेकेल त्याच्या काही सेंटिमीटर मागे चाक टेकलेले असते. म्हणून वळलेले चाक आपोआप सरळ होऊ पाहते. मात्र सरळ होताना ते किंचित पलीकडे जाते, पुन्हा परतते. धडधाकट गाडीत हा खेळ क्षणात शमतो.

आता वाकलेली रिम घ्या. १८ इंची चाकाचा घेर टायरसह सुमारे १.९ मीटर. ताशी ४० किलोमीटर वेगाला ते सेकंदात सुमारे ६ फेरे घेते, ६० ला ९. हँडलची स्वतःची लटपटही सेकंदाला साधारण ४ ते १० वेळा होते. दोन्ही ताल जुळले की झोपाळ्याला वेळेवर धक्का मिळाल्यासारखे होते. म्हणून गाडी विशिष्ट वेगातच लटपटते, आणि वेग बदलला की शहाण्यासारखी चालू लागते. ती शहाणी झाली म्हणून तो बरी झाली समजू नये!

शेजाऱ्यांनी उत्तर दिले, “लटपटते, पन्नाशीवरून वेग उतरताना.” मग तपासणी सुरू झाली, आधी बिनखर्चाची. टायरमधली हवा गाडी थंड असताना मोजली. टायर रिमवर सर्व बाजूंनी सारखा बसला आहे का, फुगवटा आहे का, तेही पाहिले. मेन स्टँडवर गाडी चढवून पुढचे चाक अधांतरी केले आणि फोर्कला एक तार बांधून तिचे टोक रिमजवळ आणले. चाक फिरवताना रिम आणि तार यांतले अंतर किती बदलते तो आऊट. बहुतेक गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तकांत त्याची मर्यादा २ मिलिमीटर असते. इथे तो त्याहून कमी निघाला. आऱ्यांवर पाना वाजवून सैल आरा शोधला. सैल आरा बद्द वाजतो. चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवले. बेअरिंगही ठीक होते.

मग मिस्त्रींनी फोर्कचे पाय खालून धरून मागेपुढे ओढले. वर हँडलच्या मुळाशी बारीक ‘टक’ झाले. हँडल हलकेच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले, तो ऐन मधोमध ते खोबणीत बसल्यासारखे अडले. रोग सापडला! खड्ड्यात आदळताना हँडल सरळ होते. त्यामुळे कोनसेटच्या गोळ्यांनी वाट्यांवर तिथेच खळगे पाडले होते आणि वर थोडी ढिलाईही आली होती. रिम सरळ झाली, पण तिच्यातून वर गेलेला आघात कोणी पाहिलाच नव्हता. नवा कोनसेट घातल्यावर मिस्त्रींनी आधी स्वतः गाडी फिरवली, मग शेजाऱ्यांनी एकट्याने. कुटुंब त्यानंतर बसले.

कोनसेट ठीक निघाला असता, तर पुढची पायरी फोर्कची. कधी त्याच्या नळ्या वाकलेल्या नसतात, पकडीत नुसत्या पिळलेल्या असतात. बोल्ट सैल करून त्या जुळवता येतात. नळी काढून सपाट काचेवर लोळवली की वाक उघडा पडतो. शेवटी मागच्या चाकापासून दोरी ताणून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का ते पाहावे. अलॉय चाकाला तडा असेल तर मात्र डागडुजी नको. ते चाक बदलावेच.

दोन पथ्ये सांगून ठेवतो. लटपट पाहण्यासाठी चालत्या गाडीचे हँडल सोडण्याची हौस कोणी करू नये. आणि रस्त्यात लटपट सुरू झालीच, तर हँडल आवळू नये, करकचून ब्रेक दाबू नये. गुडघ्यांनी टाकी धरावी, हात सैल ठेवावेत आणि वेग हळूहळू उतरू द्यावा.

गॅरेजात जाण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात: कोणत्या वेगाला होते, वेग चढताना की उतरताना, ब्रेक लावल्यावर वाढते का, मागे माणूस बसल्यावर बदलते का. आणि सर्वांत वर एकच शब्द, नीट निवडून लिहावा. मागे बसलेल्या माणसांचा जीव पुष्कळदा त्या एका शब्दावर अवलंबून असतो.