मैदानामागचं गणित (लेखांक ७) : बाय मिळाली, पण कोणासमोर?

गेल्या आठवड्यात साखळी आणि बाद या दोन पद्धती पाहिल्या. आता पुढची पायरी: संघ स्पर्धेत येतो कसा, तक्त्यात बसतो कुठे, आणि सोडत निघायच्या आधी यातलं किती सांगता येतं. उदाहरण कॉलेजच्या हॉकीचं घेऊ. पांढुर्णा किंवा सौसरच्या कॉलेजातला मुलगा स्टिक घेऊन अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत कसा पोचेल, ते पाहू.

पहिली गोष्ट, कॉलेजचा संघ जिंकला म्हणून तो अख्खा संघ पुढे जात नाही. आपल्या मध्य प्रदेशात जिल्हा पातळीवर कॉलेजं एकमेकांशी खेळतात, त्यातून जिल्ह्याचा संघ निवडतात, मग संभाग, मग राज्य. विद्यापीठाचा संघही असाच वेगवेगळ्या कॉलेजांतली पोरं वेचून उभा राहतो. त्यामुळे पहिल्याच सामन्यात हरलेल्या कॉलेजचा गोलकीपर पुढे जातो आणि विजेत्या कॉलेजचे दोन फॉरवर्ड घरी बसतात, हे दरवर्षीचं आहे. अंदाज बांधायचा तर कॉलेजांची नावं सोडा, जागा मोजा. फॉरवर्ड खेळणारे ढीगभर असतात. चांगला गोलकीपर आणि पेनल्टी कॉर्नरला चेंडू जोरात मारणारा गडी मोजकेच सापडतात, आणि निवड समितीच्या कागदावर त्यांची नावं आधी पडतात. आणखी एक: २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. क्रीडा-वेळापत्रक हातात आलं की पांढुर्णा वेगळा धरलाय की छिंदवाड्यासोबत, हे आधी बघा. छोट्या जिल्ह्यात जागा मिळवणं सोपं, पण तोच छोटा संघ घेऊन पुढे जिंकणं अवघड.

आपल्या भागाची एक गंमत आहे. इथली कॉलेजं छिंदवाड्याच्या राजा शंकर शाह विद्यापीठाखाली येतात. ते २०१९ साली निघालं, म्हणजे अजून पोरगंच. पण आपल्या किती घरांतली मुलं नागपूरला शिकतात, कुणी वरूड-अमरावतीकडे जातात! ती तिकडच्या विद्यापीठाची झाली. भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, देशाचे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे चार विभाग पाडतो. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही पश्चिमेत, सोबत गुजरात आणि राजस्थान. तेव्हा एकाच गल्लीतली दोन पोरं पश्चिम विभागाच्या मैदानावर समोरासमोर उभी राहू शकतात, एक छिंदवाड्याच्या जर्सीत, दुसरं नागपूरच्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव गोटमारीसाठी समोरासमोर येतात, तिथे सोडतीची भानगड नसते, बाजू दोनच. इथे मात्र सगळा खेळ सोडतीचा.

पश्चिम विभागातून पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीला जातात. स्पर्धा आधी बाद पद्धतीनं चालते आणि उरलेल्या चारांची साखळी होते. म्हणजे नव्या विद्यापीठाला विजेतेपदाची चिंता नंतर, आधी शेवटच्या चारांत घुसायचं. मागच्या वर्षीच्या पहिल्या चार संघांना मानांकन मिळतं, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या.

कागद-पेन घ्या. समजा २१ संघांची नावं आली. २१ च्या वरची दोनाच्या घातातली संख्या ३२ (२, ४, ८, १६, ३२ अशी), म्हणून ३२ वजा २१, बाय (म्हणजे पहिली फेरी न खेळता पुढे जाणं) ११. वरच्या अर्ध्यात ११ संघ, खालच्यात १०. बाय कुणाला, याचा ठरलेला क्रम शारीरिक शिक्षणाच्या प्रत्येक पुस्तकात असतो. पहिली बाय खालच्या अर्ध्याच्या शेवटच्या जागेला, म्हणजे २१ ला. दुसरी वरच्या अर्ध्याच्या पहिल्या जागेला, १ ला. तिसरी १२ ला, चौथी ११ ला. मग याच क्रमानं आत सरकत २०, २, १३, १०, १९, ३ आणि १४. मानांकित चौघांना कुठे बसवतात? नेमकं १, ११, १२ आणि २१ वर. मानांकन आणि बाय हातात हात घालून येतात, ते यामुळे.

आता बिनमानांकित संघाच्या हाती लागू शकणाऱ्या १७ चिठ्ठ्या बघा. २, १०, १३ आणि २० नंबरवाल्यांना बाय मिळते आणि मॅनेजर खूश होतो. पण तक्ता नीट वाचला तर २ ची पहिलीच गाठ १ शी, १० ची ११ शी, १३ ची १२ शी आणि २० ची २१ शी. सामना न खेळता थेट मानांकिताच्या दाढेत! उलट ३, १४ आणि १९ या तीन चिठ्ठ्यांना बायही मिळते आणि मानांकित भेटतो तो उपांत्यपूर्व फेरीत. मधल्या ४ ते ९ आणि १५ ते १८ या दहा जणांना पहिल्या फेरीत घाम गाळावा लागतो, पण मानांकिताशी गाठ त्यांचीही उपांत्यपूर्व फेरीतच. मला विचाराल तर २ पेक्षा ६ नंबर बरा. नवा संघ एक सामना जिंकून मैदानाशी ओळख करून घेतो, टर्फवर चेंडू कसा पळतो ते कळतं. घरी मुरमाड मैदानावर सराव करणाऱ्या पोरांना हा एक सामना फार कामाचा.

आणखी एक गोष्ट तक्त्यातून दिसते. १ ते ५, ६ ते ११, १२ ते १६, १७ ते २१ अशा चार वाटण्या पडतात आणि प्रत्येकीत एकच मानांकित. शेवटच्या चारांत जायचं तर आपल्या वाटणीतल्या मानांकिताला हरवावं लागेल, नाहीतर त्याला हरवणाऱ्याला. तिसरी वाट नाही. नाव देऊन न आलेल्या संघामुळे पुढे चाल मिळाली तर एखादी फेरी वाचते, एवढंच.

सोडतीशिवाय तक्ता कसा मांडतात, तेही बघू. अमेरिकेत कॉलेजची हॉकी बर्फावर खेळतात. त्यांच्या मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत १६ संघ. सहा लीगचे विजेते थेट आत, उरलेल्या दहा जागा हिशोबानं. पुष्कळ वर्षं हा हिशोब असा होता: प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी कागदावर भिडवायचा. एकमेकांविरुद्धचे निकाल, दोघांनी खेळलेले सामायिक प्रतिस्पर्धी, आणि एक निर्देशांक. या निर्देशांकात स्वतःच्या विजयांचं वजन चौथ्या हिश्श्याएवढं, बाकी सगळं प्रतिस्पर्धी किती दमदार होते यावर. ज्यानं जास्त तुलना जिंकल्या तो वर. मग १६ जणांचे चार गट, पहिला शक्यतो सोळाव्याशी, फक्त एकाच लीगचे दोन संघ पहिल्या फेरीत आमनेसामने येऊ द्यायचे नाहीत. नियम जाहीर, निकाल जाहीर, त्यामुळे तिथले हौशी लोक यादी लागायच्या आदल्या रात्री बहुतेक तक्ता मांडून मोकळे.

आपल्याकडे तसं जमत नाही, कारण तुलना करायला सामनेच नसतात. छिंदवाड्याचा संघ आणि मुंबईचा संघ हंगामात एकदाही भेटत नाहीत. तेव्हा गेल्या वर्षीच्या निकालावर मानांकन देण्यावाचून गत्यंतर नाही, हे मान्य. पण मानांकन मिळतं विद्यापीठाला आणि खेळतात पोरं, जी तीन-चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातात. एआययूची वयाची अट १७ ते २५ आहे, तरी पदवीनंतर टिकणारे थोडेच. गेल्या वर्षी चौथा आलेला संघ यंदा निम्मा रिकामा झालेला असू शकतो. दुसरीकडे भोपाळला मुलांची आणि ग्वाल्हेरला मुलींची राज्य हॉकी अकादमी आहे. तिथली चार-पाच पोरं यंदा ज्या विद्यापीठात नाव घालतील, तो संघ एका प्रवेश-हंगामात बदलून जातो, आणि तक्त्यात मात्र बिनमानांकितच राहतो. तसा संघ २ नंबरला आला तर पहिल्या नंबरच्या मानांकिताची झोप उडते, आणि उडायलाच हवी. माझ्या मते एका वर्षाऐवजी गेल्या तीन वर्षांच्या निकालांवर मानांकन दिलं, तर एखाद्या वर्षीची लॉटरी तरी कमी होईल. पोरं बदलण्याचा प्रश्न मात्र त्यानंही सुटणार नाही.

म्हणून अंदाज बांधणाऱ्यानं आधी दोन याद्या मिळवाव्यात: गेल्या वर्षीचे पहिले चार, आणि त्यांतले किती खेळाडू यंदाही विद्यार्थी आहेत. दुसरी यादी कुठेही छापून येत नाही, ती क्रीडा अधिकाऱ्यांना फोन करूनच मिळते. संघांची संख्या कळली की वरचा हिशोब पाच मिनिटांत होतो. ज्या वाटणीतला मानांकित सगळ्यात जास्त रिकामा झालाय, तिथली चिठ्ठी आपल्याला येते का, तेवढंच मग बघायचं उरतं.

पुढच्या आठवड्यात: चार संघांच्या साखळीत तिघांचे गुण सारखे झाले तर काय होतं, आणि शेवटच्या सामन्यात पाच गोल मारायची गरज कुणाला पडते.