विश्लेषण : टाकाऊ लोकरीतून प्रथिने… ‘हरित द्रावके’ मेंढपाळांना दिलासा देतील?

महाराष्ट्रात मेंढ्यांची लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरावी लागते. मात्र दख्खनी मेंढीच्या काळ्या, जाडसर लोकरीला आता गिऱ्हाईक मिळत नाही. कातरणीची मजुरीही सुटत नसल्याने अनेक मेंढपाळ ती टाकून देतात. या लोकरीचा धागा विकला जात नसला, तरी तिच्यातील प्रथिन मौल्यवान आहे. ते कमी घातक रसायनांनी वेगळे करण्याचे प्रयोग जगभर सुरू आहेत.

लोकर वाया का जाते?

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ७.४३ कोटी मेंढ्या आहेत. देशातील सुमारे ८५ टक्के लोकर गालिच्यांच्या प्रतीची आहे. अंगावर घालण्याजोगी लोकर जेमतेम ५ टक्के. त्यामुळे स्वेटर आणि सुटिंगसाठी ऑस्ट्रेलियातून मेरिनो लोकर आयात होते. दख्खनी लोकरीपासून सनगर समाजातील विणकर घोंगडी विणत. गिरणीतील स्वस्त ब्लँकेट आल्यावर घोंगडीची मागणी घटली आणि मेंढी प्रामुख्याने मटणासाठी पाळली जाऊ लागली. ही अडचण केवळ आपलीच नाही. युरोपीय संघाच्या नियमांत कच्ची लोकर ‘प्राणिजन्य उपपदार्थ’ गणली जाते. त्यामुळे न विकलेल्या लोकरीची विल्हेवाट लावणे तिथेही खर्चाचे काम आहे.

लोकरीत असे काय असते?

धुतलेली स्वच्छ लोकर म्हणजे सुमारे ९५ टक्के केराटिन. आपले केस, नखे, प्राण्यांची शिंगे आणि पक्ष्यांची पिसे याच प्रथिन-कुळातील आहेत. बाजारात लोकरीचा भाव धाग्याची जाडी, लांबी आणि रंग पाहून ठरतो. प्रथिन काढायचे असेल तर धागा आखूड किंवा जाड असल्याने फारसे बिघडत नाही. त्यामुळेच गिरणीत उरणारे आखूड तंतू आणि मेंढपाळाने फेकलेली लोकर, दोन्ही कच्चा माल ठरू शकतात.

मग ते काढणे अवघड का?

केराटिनच्या साखळ्यांमध्ये गंधकाचे अणू असतात. एका साखळीतील गंधक दुसरीतील गंधकाशी जोडले जाऊन ‘डायसल्फाइड’ बंध तयार होतात. साखळ्यांना जणू जागोजागी टाके घातलेले असतात. लोकर पाण्यात विरघळत नाही ती मुख्यतः यामुळेच. हे टाके उसवण्यासाठी आजवर सोडियम सल्फाइड, मर्कॅप्टोइथेनॉल यांसारखी दुर्गंधीयुक्त, घातक रसायने किंवा तीव्र अल्कली वापरली गेली. त्यातून निघणारे सांडपाणी ही नवी डोकेदुखी ठरते. अल्कलीचा मारा जास्त झाला, तर टाक्यांसोबत साखळ्याही तुटतात.

हरित द्रावके म्हणजे काय?

यात दोन प्रकार महत्त्वाचे. पहिला, आयॉनिक लिक्विड. हे तुलनेने कमी तापमानाला द्रवरूप असणारे क्षार. ते सहसा हवेत उडून जात नाहीत. लोकर अशा द्रवात विरघळते, हे २००५ मध्ये चीनमधील संशोधकांनी दाखवले. दुसरा प्रकार, डीप युटेक्टिक सॉल्व्हेंट. कोलीन क्लोराइड ३०२ अंश सेल्सिअसला वितळते, तर युरिया १३३ अंशांना. मात्र १:२ या रेणू-प्रमाणात एकत्र केल्यास मिश्रण अवघ्या १२ अंशांना द्रव होते. ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठातील अँड्र्यू अ‍ॅबट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे मांडले. यातील एक घटक कोंबड्यांच्या खाद्यात वापरला जातो, दुसरा शेतकऱ्याच्या ओळखीचे खत. म्हणजे माल स्वस्त आणि सहज मिळणारा. याच जोडीने लोकर विरघळवण्याचा प्रयोग २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी केला.

प्रत्यक्ष प्रक्रिया कशी असते?

लोकर धुऊन तिच्यातील माती, घामाचे क्षार आणि चरबी काढली जाते. मग ती बारीक कापून गरम द्रावकात ढवळतात. न विरघळलेला भाग गाळून वेगळा होतो. उरलेल्या द्रवात पाणी घातल्यावर केराटिनचा काही भाग साका होऊन खाली बसतो. पाण्यात विरघळलेला भाग पातळ पडद्यातून द्रावक वेगळे करून मिळवतात आणि सुकवून त्याची पूड करतात.

याचा उपयोग काय?

केसांची निगा राखणारी उत्पादने आणि जखमेवरील पट्ट्या यांत केराटिन आजही वापरले जाते. पाण्यातील जड धातू शोषणारे पडदे, पॅकिंगसाठी पातळ थर यांवरही संशोधन सुरू आहे.

‘हरित’ म्हणजे निर्धोक का?

नाही. काही आयॉनिक लिक्विड महाग आहेत, काही जलचरांना अपायकारक. कोलीन क्लोराइड-युरियाच्या मिश्रणालाही लोकर विरघळवण्यासाठी बरेच तापवावे लागते आणि जास्त तापमानात युरिया विघटित होऊन अमोनिया सुटतो. खरी कसोटी द्रावक परत मिळवण्याची. केराटिन काढण्यासाठी घातलेले पाणी पुन्हा उडवावे लागते आणि त्याला भरपूर ऊर्जा लागते. द्रावक पुन्हा पुन्हा वापरता आले नाही, तर ही पद्धत ना हरित राहते, ना परवडणारी.

मेंढपाळाला फायदा कधी?

इटलीतील बिएल्ला या लोकर उद्योगाच्या शहरातील संशोधकांनी आणखी सोपा मार्ग तपासला आहे. बंद पात्रात दाबाखाली सुमारे १७० अंशांच्या पाण्याने लोकर विघटित करून तिचे खत करायचे. लोकरीत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. यात साखळ्या तुटतात, म्हणून औषधी दर्जाचे केराटिन मिळत नाही. मात्र खताला त्याची गरजही नसते आणि लोकरीचा काळा रंगही आड येत नाही.

कोणताही मार्ग निवडला, तरी पहिला प्रश्न लोकर गोळा करण्याचा आहे. कळप वर्षातील अनेक महिने वाटेवर असतात आणि लोकर वजनाला हलकी पण जागा खाणारी. त्यामुळे कातरणीच्या हंगामात वाडीजवळ संकलन आणि धुण्याची सोय होणार का, आणि किलोमागे मिळणारा भाव कातरणीच्या मजुरीपेक्षा जास्त असेल का, यावरच मेंढपाळ लोकर ठेवायची की टाकायची हे ठरवेल.