पेशी वाढतात, औषध थांबते

नागपूर-अमरावती पट्ट्यात आंबिया बहाराच्या संत्र्याची फळगळ रोखण्यासाठी 100 लिटर पाण्यात दीड ग्रॅम 2,4-डी मिसळून फवारण्याची शिफारस जुनी आहे. हेच रसायन मोठ्या मात्रेत रुंद पानांचे तण मारते. 2,4-डी हे कृत्रिम ऑक्सिन, म्हणजे वनस्पतीच्या वाढीला दिशा देणाऱ्या संप्रेरकासारखे काम करणारे संयुग असून, अल्प मात्रेत ते फळाच्या देठाशी तुटण्याचा थर तयार होऊ देत नाही. ऊती संवर्धनात, म्हणजे वनस्पतीच्या पेशी पोषक माध्यमात वाढवताना, मात्र त्याच्याकडून तिसरेच काम करून घेतले जाते.

स्कूग आणि मिलर यांनी 1957 मध्ये तंबाखूच्या ऊतींवर दाखवून दिले की, माध्यमात ऑक्सिन वरचढ असल्यास मुळे फुटतात, सायटोकायनिन हे दुसरे संप्रेरक वरचढ असल्यास कोंब येतात आणि दोन्ही तुल्यबळ असल्यास कॅलस, म्हणजे कोणताही अवयव न बनलेल्या पेशींचा गोळा वाढत राहतो. 2,4-डी पेशीत सहजासहजी नष्ट होत नसल्याने हा गोळा वाढवण्यात ते विशेष प्रभावी ठरते. पण ही वाढ फुकट मिळत नाही.

विदर्भाच्या उन्हातही अंगणात फुलणाऱ्या सदाफुलीवरून हे नेमके कळते. तिच्या पानांतील व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध इतके विरळ असते की, 1 ग्रॅमसाठी सुमारे 500 किलो वाळलेली पाने लागतात, म्हणून ते पेशी वाढवून मिळवण्याचे प्रयत्न झाले. परंतु ऑक्सिनमुळे ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे ट्रिप्टामिन करणाऱ्या विकराचे जनुकच मंदावते आणि ट्रिप्टामिनवाचून व्हिनब्लास्टिनच्या कुळातील अल्कलॉइडे घडत नाहीत. त्यामुळे पेशी आधी 2,4-डीवर वाढवायच्या, मग ते नसलेल्या माध्यमात हलवायच्या आणि सायटोकायनिन किंवा जखमी वनस्पतीत आपोआप तयार होणारे जास्मोनेट द्यायचे, अशी दोन टप्प्यांची रीत रूढ झाली. जपानमध्ये 1983 साली शिकोनिन हे लाल रंगद्रव्य पेशीसंवर्धनातून बाजारात आले, तेही अशाच दोन टप्प्यांनी.

सदाफुलीत या रीतीने त्याच कुळातील अजमॅलिसिन हे अल्कलॉइड वाढले, व्हिनब्लास्टिन मात्र हाती लागले नाही. त्याचा एक घटक कॅथरँथिन कॅलसमध्ये बनू शकतो, पण दुसरा घटक व्हिंडोलिन पानांतील विशेष पेशींवाचून पूर्ण होत नाही आणि गोळ्यात पानच नसते. व्हिनब्लास्टिनसाठी त्यामुळे आजही मुख्यतः शेतात वाढवलेल्या सदाफुलीच्या पानांवरच अवलंबून राहावे लागते.