काट्यावरचा आकडा आणि परिचारिकेचा पेच

बुओना व्हिस्टात मुख्यालय असलेल्या सिंगापूरच्या शिक्षण मंत्रालयाने १९९२ साली शाळांसाठी ‘ट्रिम अँड फिट’ योजना आणली. स्थूल मुलांना जादा व्यायाम करावा लागे. अशी वेगळी काढलेली मुले चेष्टेचा विषय ठरत. योजनेची इंग्रजी आद्याक्षरे उलटी वाचली की ‘फॅट’ होते, हे मुलांच्या नजरेतून थोडेच सुटणार! २००७ मध्ये ती बंद झाली आणि सर्वच विद्यार्थ्यांच्या समग्र आरोग्याचा विचार पुढे आला.

शाळांत उंची-वजन मोजणाऱ्या परिचारिकांचा पेच मात्र उरलाच. मोजमाप सोपे, पालकांशी बोलणे अवघड, हा अनेक देशांतील परिचारिकांचा अनुभव आहे. शब्द कठोर झाला तर विश्वास तुटतो; मवाळ राहिला तर इशारा पोहोचत नाही. आपल्याकडे तर गुबगुबीत मूल म्हणजे ‘खात्यापित्या घरचे’. शिवाय भारतीय नवजात बालकांचे वजन कमी असूनही शरीरातील चरबी तुलनेने अधिक असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून दिसले आहे. म्हणून केवळ आकडा पाहून भागत नाही. घरी काय शिजते, कोण भरवते, हेही विचारावे लागते. उत्तर पुष्कळदा आजीकडे असते.